दिवेलागणीची पाणबुडी

पाणबुडी पाण्याखाली असते, एवढी एकच गोष्ट मला पाणबुडीबद्दल खात्रीने ठाऊक होती, आणि तीही चुकीची निघाली.

नवऱ्याच्या गेममधली पाणबुडी सदानकदा पाण्यावरच तरंगत असायची. मी शाळेच्या ऑफिसातून घरी यायची, चहा टाकायची आणि कप घेऊन त्याच्या मागे उभी राहायची. स्क्रीनवर करडा समुद्र, करडं आभाळ आणि मधे पाणबुडीचं नाक. "ही बुडत का नाही?" मी एकदा विचारलं, तर तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून मी चिडले नाही.

"पाण्याखाली ती बॅटरीवर चालते," तो म्हणाला. "बॅटरी उतरली की वर येऊन इंजिन सुरू करायचं आणि चार्जिंग करून घ्यायचं. इंजिनाला हवा लागते ना. जुन्या काळातली आहे, तिला वर यावंच लागतं."

"मग बोटच म्हणा की. पाणबुडी कसली!"

"वर यायचं, पण कुणाला दिसायचं नाही. खरी गंमत तीच आहे."

गेम आमच्या लेकीचा. ती पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि तिचा कॉम्प्युटर हॉलमध्ये राहिला. नवरा इथल्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत पार्ट तपासायच्या कामावर होता. कंपनीने ती सगळी लाइनच दुसरीकडे हलवली आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला घरी बसवलं. हे मला ठाऊक, लेकीला ठाऊक. सासूबाईंना मात्र कळता कामा नये, हे त्याचं एकच म्हणणं. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट घातला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यांना धक्का बसेल असं काही सांगू नका. ते वाक्य नवऱ्याने घट्ट धरून ठेवलं. आईला सांगितलं, आता काम घरूनच आहे. कानाला हेडफोन लागला की मीटिंग चालू. लोखंडाचे पार्ट घरून कसे तपासतात, असं त्यांनी काही विचारलं नाही.

सकाळी तो अर्ज पाठवायचा, कुणाकुणाला फोन लावायचा आणि दुपारनंतर समुद्रावर निघून जायचा. घराबाहेर पाऊल टाकायचा नाही. आमची पंचवटीतली गल्ली कुंभमेळ्याच्या कामासाठी मधोमध खणून ठेवलेली, त्यामुळे जो तो आमच्या ओट्याला घासून जायचा आणि जाता जाता आत डोकावायचा. त्याला ते नको होतं.

मग त्याने मला गेममध्ये पहारेकरी नेमलं. क्षितिजावर धूर दिसतोय का ते बघायचं आणि सांगायचं, बस. पण व्हायचं असं की मला जहाज दिसायच्या आधी जहाजाला आम्ही दिसायचो. तोफा सुरू. नवरा खटाखट बटणं दाबून पाणबुडी खाली नेणार आणि मग माझ्याकडे बघणार, जणू मीच हात हलवून त्यांना बोलावलं होतं.

"ते आपल्याला दिसत नाहीत, तर आपण त्यांना कसे दिसतो?" माझा प्रश्न रास्त होता असं मला अजूनही वाटतं. तो समजावायचा. जहाजाकडे कधी आडवं राहायचं नाही, नाक त्याच्याकडे ठेवायचं, म्हणजे आपण अरुंद दिसतो. जोरात जायचं नाही, मागे पांढरा फेस उठतो. अर्धं अंग पाण्यात ठेवून नुसता पाठीवरचा मनोरा वर ठेवायचा. समुद्र शांत असेल तर जास्त जपायचं. इथवर माझ्या ध्यानात यायचं. पण सूर्य मावळला की माझं डोकं गरगरायला लागायचं.

"आता पश्चिमेला उजेड आहे. आपण जहाजाच्या पश्चिमेला असलो तर त्या उजेडावर काळेकुट्ट उठून दिसू. म्हणून आपण पूर्वेला, अंधाराच्या बाजूला राहायचं."

"पण उजेड आपल्या पाठीशी असला तर तोंड अंधारात राहतं ना? लग्नात फोटोवाला खिडकीपुढे उभं राहू देत नाही, चेहरा दिसत नाही म्हणून."

"त्यांना चेहरा कुठे बघायचाय? आकार दिसला तरी पुरे."

मी हो म्हटलं. कळलं काहीच नव्हतं.

स्क्रीनवर सांज झाली की आतला अंधार नीट दिसावा म्हणून तो हॉलची ट्यूब लावू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी मला धास्ती वाटली, आता सासूबाई येणार आणि दोघांनाही सोलून काढणार. लग्न होऊन या घरात आल्यापासून दिवेलागणीला दार बंद ठेवायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. लक्ष्मी यायच्या वेळेला दार लावून बसता काय, हे मी तापाने फणफणलेली असतानाही ऐकलंय. दार सताड उघडं, हॉलमध्ये लख्ख उजेड, देव्हाऱ्यात निरांजन आणि एक पणती ओट्यावर तुळशीपाशी. यात बदल नाही.

सासूबाई आल्या. त्यांनी देव्हाऱ्यातलं निरांजन लावलं, हाताचा आडोसा केला आणि ते उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. तुळशीला पणती नाही. दाराला कडी तशीच.

थंडी आहे म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. नवरा खूश, मी मात्र चक्रावलेली. विचारलं तर म्हणाल्या, "वारा लय सुटतो गं." आणि वारा तर पानही हलवत नव्हता.

मग एका संध्याकाळी समोरच्या काकू दाराशी आल्या. सासूबाईंनी दार एवढंसंच उघडलं आणि त्या फटीत उभ्या राहून बोलल्या. मी आत ऐकत होते.

"मुलगा दिसत नाही हल्ली?" काकूंनी विचारलं.

"सेकंड शिफ्टला जातो ना," सासूबाई म्हणाल्या. "रात्रीच येतो एकदम."

सेकंड शिफ्टला जाणारा त्यांच्या पाठीमागे खुर्चीत बसला होता!

सासूबाई विसरायला लागल्या होत्या. दिवा विसरतात, दार विसरतात, मुलगा घरात आहे हे विसरतात. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, पुढे ते बायकोलाच ओळखेनासे झाले. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "आता तर तिला अजिबातच सांगता येणार नाही," तो म्हणाला. मला त्याचा रागही आला आणि कीवही. आईचं डोकं जातंय, आणि हा अजून लपायचाच विचार करतोय.

बीपी दाखवून येऊ, अशी थाप मारून मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी फोन करून सगळं कानावर घातलं होतं. डॉक्टरांनी गप्पांच्या ओघात वार विचारला. सासूबाईंनी वार सांगितला, तिथी सांगितली आणि पुढची एकादशी कधी तेही सांगितलं. सकाळी काय खाल्लं, गोळ्या कोणत्या, सगळं घडाघडा. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरा हाय तो."

"यांची स्मरणशक्ती थोडी मला द्या," डॉक्टर मला म्हणाले.

बाहेर आलो तर मी आणखीच गोंधळलेली. आनंद मानावा की काय, ते समजेना. रिक्षावाल्याने खणलेल्या रस्त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी सोडलं. दिवस मावळला होता. मी त्यांचा हात धरून मातीच्या ढिगाऱ्यावरून चालवत होते आणि एकाएकी त्या थांबल्या.

"बघ," म्हणाल्या.

आमचं दार सताड उघडं होतं. ओट्यावर तुळशीपाशी पणती होती. हॉलची ट्यूब लागलेली. आई घरात नाही, दिवेलागण झाली, म्हणून त्याने आपण होऊन सगळं केलं असणार, अगदी तिने त्याला लहानपणापासून लावलेल्या वळणाने. आणि त्या लख्ख उजेडात, रस्त्याकडे पाठ करून, कानाला हेडफोन लावून तो बसला होता. मान, खांदे, खुर्चीची पाठ, सगळं काळं आणि ठळक. दोन माणसं ओट्याला घासून गेली, दोघांनी आत पाहिलं. समोरच्या काकू तर आपल्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"म्हणून लावत नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "दिवा लागला की रस्त्यावरनं आख्खा दिसतो."

मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"दूध आणाया जाते तवा कोपऱ्यावर कंपनीची बस हाय ना. त्यातला एकजण दिवाळीपास्नं मला बघून तोंड फिरवतो. पहिलं पाया पडायचा. तवाच समजले."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याला वाटंल तवा सांगंल. तोवर कुणाला दिसू नाय द्यायचा. लोक लय वाईट बघतात."

मी तिथेच मातीत उभी राहून रडले. इतके दिवस मी त्याच्या समुद्रावर पहारा देत होते आणि मला एक जहाज कधी वेळेवर दिसलं नाही. खरा पहारा या बाई देत होत्या, देवाच्या दिव्याची जागा हलवून. लक्ष्मीला दाराबाहेर ठेवून.

"चल," त्या म्हणाल्या. "गार लागतंय."

काकूंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. सासूबाई त्यांच्याकडे न बघता ओटा चढल्या. आत जाऊन त्यांनी दार लावलं नाही, ट्यूब बंद केली नाही. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला, हेडफोन मानेवर ओढून म्हणाला, "आई, मीटिंग..."

"दिसलास रे," त्या म्हणाल्या. "पार गल्लीच्या तोंडावरनं दिसलास."

त्याचा हात कीबोर्डकडे गेला. खाली बुडी मारायचं बटण कोणतं, ते एव्हाना मलाही पाठ झालं होतं. बोट बटणावर टेकलं आणि तिथेच राहिलं. स्क्रीनवर समुद्र हलत होता.

"आई, माझं काम गेलं," तो म्हणाला.

"ठाऊक हाय." त्या खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसल्या, दाराकडे तोंड करून. ओट्यावरच्या पणतीकडे त्यांनी पाहिलं. "वात लय मोठी ठेवलीस."

"कमी करू?"

"राहू दे," त्या म्हणाल्या.