गाडी गप्प होईपर्यंत

गॅरेज विकून घरी बसलं की किस्से आपोआप गोळा होतात. हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या घरी कुणी चहाला आलं की मी सुरू! बायको म्हणते, "गॅरेजला कुलूप लावलंत, तोंडाला लावायचं राहिलं." खरं आहे. पण सांगायला आता माझ्याशिवाय उरलंय कोण?

सिकंदराबादला आमचं तिघांचं गॅरेज होतं. माझा चुलतभाऊ वसंतदादा गाडीखाली, सलीमभाई स्टिअरिंगवर आणि मी काउंटरवर, कारण मला दुसरं काही धड येत नव्हतं.

*

बाजार खुला झाला आणि शहरात परदेशी जीपगाड्या दिसायला लागल्या. एका हॉटेलवाल्याची जीप वळणावर मागून कटकट करायची. दुसऱ्या गॅरेजनं सांगितलं होतं, मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल गेलं, नवं मागवा.

दादानं विचारलं, ऑइल कुठलं घातलंय? साधं गियर ऑइल होतं. आणि डिफरन्शियल लिमिटेड स्लिपवालं! एक चाक चिखलात नुसतंच फिरायला लागलं तर त्याच्या आतल्या प्लेटा दुसऱ्या चाकालाही जोर देतात. साध्या ऑइलात त्याच प्लेटा वळणावर अडकतात आणि कटकटतात. त्यांना बेतानं घसरू देणारं वेगळं ऑइल लागतं.

दादानं ते भरलं. मग गाडी मोकळ्या मैदानात. नवं ऑइल प्लेटांमध्ये शिरावं म्हणून सलीमभाई हळूहळू इंग्रजी आठाचा आकडा काढत राहिला आणि दादा मागच्या सीटवर कान देऊन बसला. हॉटेलवाला म्हणाला, "रिपेअर करताय की नाचवताय?" कटकट थांबल्यावर मात्र त्यानं आम्हाला बिर्याणी खाऊ घातली.

*

दिलसुखनगरचे एक क्लासवाले सर हटूनच बसले. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलंत तेच भारी ऑइल मलाही हवं! दादानं त्यांच्या गाडीची मागची दोन्ही चाकं उचलली आणि एक हातानं फिरवलं. दुसरं उलटं फिरलं. म्हणजे डिफरन्शियल साधं, प्लेटांचा पत्ताच नाही. सरांना पटेना.

सलीमभाई म्हणाला, "साब, चश्मा अपने नंबर का लेते ना? पडोसी का नक्को लगाओ."

सर साधं ऑइल भरून गेले.

*

मग दादाचे कान जायला लागले. शेजारी फोन वाजत असायचा आणि हा निवांत नट पुसत बसायचा. मला धडकीच भरली. कटकट थांबली की नाही हे दादाच ठरवायचा आणि गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर गाडी न्यायचं. कान गेले म्हणजे त्याचं कामच गेलं असतं.

मैदानात गाडी गप्प झाली की सलीमभाई हात मागे नेऊन दादाच्या गुडघ्यावर हळूच थाप मारायचा. दादा मान डोलवून मोठ्यानं म्हणायचा, "झालं." गिऱ्हाईक खूश. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी मैदानात जाणंच टाळायचो.

*

सलीमभाई हॉस्पिटलात पडला तेव्हा दादा माझ्याबरोबर कामावरून तसाच त्याला भेटायला गेला. नर्स म्हणाली, आधी हात धुऊन या. सलीमभाईनं दादाचा ऑइलनं माखलेला हात घट्ट धरला.

"नक्को धोने दो, सिस्टर. यहाँ सब दवा की बास मारते."

नर्स हसली आणि निघून गेली. आमची तिघांची ती शेवटची भेट.

*

सलीमभाई गेल्यावर थोड्याच दिवसांत तसलीच एक जीप आली. परत पाठवावी असं मला वाटत होतं, पण दादानं ऑइल बदललंसुद्धा आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. स्टिअरिंगवर मी.

आठ काढत राहिलो. हळूहळू कटकट थांबली. मी हात मागे नेऊन दादाच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यानं मान डोलवली नाही. पुन्हा मारली. तो खिडकीबाहेर बघत होता.

मी गाडी थांबवली आणि मागे वळून हातानं खूण केली, आवाज बंद झालाय.

दादा म्हणाला, "चालव तू. सलीमनं अजून सांगितलं नाही."

मी पहिला गियर टाकला.