बोटीवरचा ओटीपी

जाहिरात जेवणाच्या सुट्टीत दिसली. 'दोन मिनिटांत क्रेडिट कार्ड, ऑनलाइन मंजुरी.' मी रत्नागिरीत एका शाळेत शिकवते. पगार माझा, पॅनकार्ड माझं. वापरायचं कार्ड मात्र नवऱ्याच्या कार्डाला जोडून मिळालेलं. नवरा बोटीवर. ऑनलाइन काही मागवलं की ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि भर समुद्रात तो पोचत नाही. त्यामुळे बोट बंदराला लागली की माझी खरेदी सुरू. मग तो हसून विचारतो, "पुन्हा चपला? आधीच्या कुठं गेल्या?" पण नाही कधी म्हणत नाही. कंजूष असता तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते. चांगल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मला फक्त एकदा, कुणाला न सांगता, काहीतरी विकत घ्यायचं होतं.

पोळीभाजीचा हात धुऊन मी माहिती भरली. 'अभिनंदन! तुमचं कार्ड मंजूर झालं आहे.' शिक्षकखोलीत पेढे वाटावेत असं वाटलं. खाली बारीक अक्षरांत होतं: आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. शेवटचे आकडे नवऱ्याच्या नंबरचे होते.

हे कसं झालं ते लगेच आठवलं. लग्नानंतर आधारवर नवं नाव लावायला पावसजवळच्या आमच्या गावी शिबिराला गेलो होतो. बोटीवर जाणाऱ्यांच्या घरी आमच्याकडे रीतच आहे, कुठलाही कागद असो, नंबर कर्त्या पुरुषाचा. गॅसला तोच, विजेला तोच. सासूबाईंनी तो पाढ्यासारखा म्हणून दाखवला आणि मी, पदवीधर बाई, मान डोलावून बोटं टेकवून आले. माणूस सातासमुद्रापार आणि आम्हा सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्या खिशात.

मी 'पुन्हा पाठवा' दाबत राहिले. मंजुरी होती, कार्ड नव्हतं. अर्ज रद्द करू म्हटलं तर त्यालाही ओटीपी. कोंडून घातल्यासारखं झालं. रोज मंजुरीचा मेसेज यायचा आणि रोज चिडचीड व्हायची.

बोट बंदराला लागली तेव्हा साचलेले सगळे ओटीपी त्याच्या फोनवर एकदम कोसळले. त्याचा घाबराघुबरा फोन आला.

"अगो, फोन नुसता वाजतोय. कोणी फसवलान नाय ना तुला?"

मी खरं ते सांगितलं.

"माझं कार्ड तुझंच नाय काय? मी कधी नाय म्हटलंय?"

नव्हतंच म्हटलं. तोच तर घोळ होता.

"बरं, बंदरात हाय तोवर कर अर्ज. आकडा आला की सांगतो."

म्हणजे त्याला विचारायला लागू नये म्हणून कार्ड, आणि कार्डासाठी त्यालाच विचारा. माझं डोकंच फिरलं. "नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी आधार केंद्रात नंबर बदलायला गेले. सासूबाईही सोबत आल्या. माझं काम झाल्यावर त्याच खुर्चीत बसल्या.

"माझापण बदल रे बाबा. मुलगा बोटीवर, गरजेला गावत नाय. हिचा घाल."

त्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. मागे रांग खोळंबली होती. मी माझा नंबर एका दमात सांगितला.

काही दिवसांनी पुन्हा अर्ज केला आणि कार्ड घरी आलं. मी निळ्या काचांचा गॉगल मागवला, नवऱ्याला सांगितलं नाही, आणि तो घालून भर उन्हात बाजारातून उगाच दोन फेऱ्या मारल्या. फार छान वाटलं.

पुढच्या महिन्यात एके दिवशी शाळेतच फोनवर ओटीपी आला. मी काहीच मागवलं नव्हतं. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून सासूबाईंचा आवाज. त्या एकट्याच एसटी स्टँडवर जाऊन सवलतीचं कार्ड काढायला उभ्या होत्या आणि रांगेतल्या कुणाचा तरी फोन मागून बोलत होत्या.

"तुझ्याकडं आकडा आलाय तो सांग गो. हा साहेब थांबलाय."

आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

"आई, निघालात कुठे?" मी विचारलं.



"देवरूखला, बहिणीकडं," त्या हळूच म्हणाल्या. "जाऊ ना गो?"