टाकीच्या पायऱ्या

पबमध्ये सगळे त्याला भाऊजी म्हणत. खरं तर तो फक्त मालकिणीचा धाकटा दीर. पण ती, म्हणजे त्याची वहिनी, दिवसातून पन्नासदा ‘भाऊजी’ अशी हाक मारायची आणि तीच गिऱ्हाइकांच्या तोंडी बसली. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला म्हातारा पोस्टमनसुद्धा त्याला भाऊजीच म्हणे.

पब चांगला होता. चांगला पब म्हणजे काय, यावर शहाणी माणसं उगाच काथ्याकूट करतात. रंगीत दिवे आणि कानठळ्या बसवणारी गाणी कुणीही आणतो. जिथं एकट्याला एकटं बसता येतं आणि ‘आज तोंड का उतरलंय?’ असं कुणी विचारत नाही, तो पब चांगला. त्यात बिअर मागच्या खोलीत बनत असेल, तर सोन्याहून पिवळं.

बिअर बनवायचा दादा, वहिनीचा नवरा. थंडीसाठी तो कडक बिअर लावायचा. काळी, दाट, जळक्या साखरेच्या वासाची. दोन ग्लासांच्या वर तो कुणाला देत नसे. एकदा पोस्टमनने हातापाया पडून तिसरा ग्लास मिळवला आणि शेजाऱ्याच्या घरात शिरून शेजारणीलाच जेवायला वाढायला सांगितलं. जन्मभर एक पत्र चुकीच्या दारात न टाकलेला माणूस! दादा आठवडाभर हसत होता.

तो दादा अकरा महिन्यांपूर्वी बिअरच्या टाकीत मेला.

बिअर आंबताना एक वायू सुटतो. दिसत नाही, पण जड असतो आणि टाकी रिकामी केली तरी तळाशी साचून राहतो. म्हणून धुवायला उतरण्याआधी दोरीने पेटता दिवा खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. हे काम भाऊजीचं, पण ते त्या दोघांनाच ठाऊक. त्या सकाळी दोघांची बाचाबाची झाली होती, कारणही आता आठवू नये इतकं फालतू. टाकीवर पाय टाकत दादाने विचारलं, “दिवा सोडलास?” आणि भाऊजी घुश्शात म्हणाला, “हो, सोडला.” त्याने काडीसुद्धा ओढली नव्हती.

लोक म्हणाले, एवढा जाणता माणूस, दिवा सोडायला विसरला. भाऊजीने मान डोलावली. वहिनी तर नवऱ्यावर रागावलीच. “एवढा कसला निष्काळजीपणा,” असं ती त्याच्या फोटोला ऐकवायची, आणि भाऊजी ग्लास पुसत राहायचा.

टाकी धुतली, वाळवली, झाकण उघडं ठेवलं. महिन्याने भाऊजीने सहज दिवा सोडून पाहिला. आत बिअरचा थेंब नव्हता, तरी तो तळाशी जाऊन विझला. टाकीच्या आत नऊ लोखंडी पायऱ्या होत्या. पुढच्या महिन्यात दिवा खालून पहिल्या पायरीपाशी विझला, त्याच्या पुढच्या महिन्यात दुसरीपाशी. त्याने पंखा लावला, टाकीच्या फळ्या तपासल्या, दोरी बदलली. दर महिन्याला एक पायरी. कोण वर चढतंय हे त्याला कळायला वेळ लागला नाही. सातव्या पायरीनंतर मात्र त्याला दिवा सोडायचा धीर झाला नाही. भीती वाटत होती, आणि कुणाला सांगायची सोयही नव्हती.

आज दुपारी वहिनी पदर खोचून मागच्या खोलीत आली. “थंडी तोंडावर आलीय, भाऊजी. कडक बिअर लावू या. यांची कृती मला पाठ आहे. टाकी मीच धुते.”

“असू द्या वहिनी, मी करतो ना.”

“तुम्ही अकरा महिने सगळं करताच आहात.” तिने टाकीच्या काठावर पाय टाकला. “दिवा सोडलात?”

“हो, सोडला,” भाऊजीच्या तोंडून निघून गेलं.

स्वतःचा तो आवाज ऐकून त्याला दरदरून घाम फुटला. त्याने झेप घेऊन तिचा दंड धरला आणि तिला मागे ओढलं.

“नाही सोडला! आजही नाही, आणि त्या दिवशीही नाही. दादाने विचारलं होतं वहिनी. मी खोटं बोललो.”

वहिनीने दंड सोडवून घेतला. मग तिने कोनाड्यातला दिवा पेटवला आणि टाकीच्या तोंडावर धरला. खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. ज्योत आडवी झाली, जशी कुणी फुंकर घातल्यावर होते, आणि विझली.

भाऊजी भिंतीला टेकला. वहिनी दचकली नाही. ती वाकून आत म्हणाली, “ऐकलंत ना?”

मग हात पुसून ती पुढे गेली आणि पबचं दार उघडलं. नेहमीची मंडळी आत आली, पोस्टमन सगळ्यांत पुढे. भाऊजी सवयीने काउंटरमागे जायला निघाला. तिने त्याला खुणेने मधल्या खुर्चीवर बसवलं.

“आज आधी ऐका, मग प्या,” ती सगळ्यांना म्हणाली. “हे दिवा विसरले नव्हते. कसं ते भाऊजी सांगतील.”