समोरून आलं की उजवीकडे

मेहकरहून परत येताना आमच्या गावाच्या फाट्याअलीकडे समोरून दुधाच्या कॅना लावलेली मोटारसायकल आली आणि मी माझी स्कूटर शांतपणे उजवीकडे वळवली. घाबरून नव्हे, डुलकी लागून नव्हे, चांगला नियम आठवून वळवली. दूधवाला बिचारा देशाच्या रीतीप्रमाणे त्याच्या डावीकडे सरकला, म्हणजे नेमका माझ्यासमोर. त्यानं करकचून ब्रेक दाबला, त्याची एक कॅन सुटून डांबरावर गडगडली आणि मी शेजारच्या तुरीत जाऊन उभा राहिलो. उभा म्हणजे, स्कूटर आडवी आणि मी उभा.

"काऊन हो काका? रस्ता कुकडे अन् तुमी कुकडे?"

"चुकलं बाबू. पोरगी विमान शिकून राह्यली."

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "मंग ते आता वरून गेलं का?"

कॅन रिकामी होती, एवढंच नशीब. पण काठाला असा पोचा आला होता की झाकण बसेना. ठोकून आणून देतो असं कबूल करून मी ती घरी आणली आणि ओट्याखाली सरकवली. बायकोनं ती पाहिली. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला फार महागात पडतं.

तर हे विमानाचं प्रकरण असं. माझी मुलगी लांबच्या एका शहरात वैमानिक व्हायला शिकते. तिथं तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय एकट्यानं विमान उडवू देत नाहीत, आणि पहिल्या खेपेला ती नापास झाली. विचारलं होतं, दोन विमानं समोरासमोर आली तर काय करायचं? अकरावीपासून स्कूटी चालवणारी पोर, पटकन म्हणाली, डावीकडे. विमानात दोघांनीही उजवीकडे वळायचं असतं. दुसऱ्या परीक्षेआधी आठ दिवस घरी आली ती तोंड उतरवूनच.

"बाबा, याही वेळी राहिले तर सोबतचे सगळे उडतील अन् मी खालून बघत बसीन."

मी शाळेत लिपिक. विमानात कधी बसलो नाही, पण शिकवायची हौस दांडगी. अंगणात मी हौदाकडून दोन्ही हात पसरून निघायचो, ती फाटकाकडून हात पसरून यायची. "समोरासमोर!" असं मी ओरडलो की दोघं उजवीकडे. सकाळ-संध्याकाळ. शेजारी कुंपणापाशी येऊन विचारून गेले, "भाऊ, तब्येत बरी हाये ना?"

समोरासमोरचं पक्कं झालं. आडव्या वाटेचंही झालं : दोन विमानांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याला दुसरं आपल्या उजव्या हाताला दिसतं, त्यानं वाट सोडायची. गाडी अडली ग्लायडरपाशी. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. इंजिनवाल्यानं त्याला वाट द्यायची, मग तो कोणत्याही हाताला असो.

"डावीकडून ग्लायडर आला तर?" मी विचारायचो.

"तो माझ्या उजवीला नाही, म्हणजे मी सरळ जाणार."

चार वेळा चुकली. मी पाचव्यांदा समजावलं, इतकं खोलात जाऊन की शेवटी मलाच कळेना. तिनं पुस्तक मिटलं. "नाही जमत मले," म्हणाली आणि डोळे भरून आले.

बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ती सोनाळ्याची, शेतकऱ्याची लेक. लग्नाआधी कापसाची बैलगाडी तिनं स्वतः हाकलेली.

"काऊन वं," मान वर न करता ती म्हणाली, "समोरून कापसानं भरलेली बैलगाडी आली तं तू स्कूटी डांबरावरून खाली घेतं का नाही?"

"घेते."

"काऊन घेतं? ते उजवीकून आली म्हून?"

"नाही. भरली गाडी खाली उतरली तर पुन्हा वर चढत नाही."

"मंग? ते बिनइंजिनाचं खाली गेलं तं वर कसं चढन? तुह्यापाशी इंजिन हाये, तू सरक."

पोरीनं मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. "मी हेच सांगत होतो," मी म्हणालो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला मेहकरच्या स्टँडवर एसटीत बसवलं आणि परत येताना मी तुरीत गेलो. डोक्यात अजून अंगणच होतं.

दोन दिवसांनी दुपारी फोन आला.

"बाबा, पास!" तिचा आवाज फाटला होता. "आता एकटीनं उडायची पाळी येणार!"

"समोरासमोरचं विचारलं का?"

"नाही ना. डावीकडून ग्लायडर विचारला. वाट देणार म्हटलं. तर म्हणाले, का? मी भरल्या बैलगाडीचं सांगितलं. परीक्षक हसले अन् सही केली."

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला, आत गेली आणि बराच वेळ बोलत राहिली. बाहेर आली तेव्हा पदरानं नाक पुसत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "बघ, आठ दिवस शिकवलेलं वाया नाही गेलं."

तिनं ओट्याखालून ती पोचा आलेली कॅन ओढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"हाव, लय शिकवलं. आता हे ठोकून त्या दूधवाल्याले देऊन या," ती म्हणाली. "अन् जातानी डाव्या अंगानं जा. तो काही विमान घेऊन नाही येऊन राह्यला."