‘वरचं जरा वाढवा, मास्तर’

फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या एसटीची वाट बघत उभा होतो. माझ्या मित्राकडं, गनीकडंच निघालो होतो. फोन त्याच्या शेजारच्या टेलरचा. “मास्तर, तुमी कुठं हाय?” मी म्हटलं, निघालोय, दीड तासात पोचतो. तो म्हणाला, “सावकाश या… पर या.” त्यावरूनच कळलं. पहाटे गनी नमाजाला उठला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि रिक्षा दाराशी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. गाडी लागली, मी चढलो, सवयीनं खिडकीची जागा धरली. अर्ध्या वाटेपर्यंत मला रडू आलं नाही की काही नाही. नुसता थकवा आला होता, चार दिवस झोपलो नसल्यासारखा.

परवा त्याचा चाळिसावा झाला. तो थकवा अजून उतरलेला नाही, आणि त्याचं कारणही मला ठाऊक आहे. मी गनीशी तीन वर्षं खोटं बोललो. आठवड्यातून दोनदा, न चुकता. त्याला एकदा सांगून टाकायचं होतं, ते राहून गेलं.

अब्दुल गनी बारामतीत लाउडस्पीकरचे बॉक्स बनवायचा. मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत संगीताचा मास्तर. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनाला तो माईक घेऊन आला, आणि मी पेटीवर बसलो तसा मागून म्हणाला, “मास्तर, तुमच्या पेटीचा धैवत उतरलाय.” मला असा राग आला! माईकवाल्यानं मास्तराला सूर शिकवायचा? घरी जाऊन तपासलं तर खरोखरच उतरलेला. पुढच्या रविवारी मी पेटी घेऊन त्याच्या दुकानात गेलो, ती मैत्री मग सुटली नाही. त्याचा कान हाच त्याचा धंदा होता. रस्त्यानं चाललेल्या वरातीचा आवाज ऐकून कुठल्या बॉक्सचा ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा स्पीकर, गेलाय ते तो दुकानात बसून सांगायचा. मोरगावचं मंगल कार्यालय असो की कऱ्हाटीच्या सप्त्याचा मंडप, गिऱ्हाईक म्हणायचं, गनीभाईंनी ऐकून दिलंय ना, मग झालं.

मग त्या प्लेटा आल्या. बॉक्सच्या पाठीला स्क्रूनं बसवायची वहीएवढी ॲल्युमिनियमची प्लेट. तिच्यातच ॲम्प्लिफायर, आणि कुठला आवाज खर्जाच्या वूफरला द्यायचा, कुठला ट्विटरला, किती द्यायचा, कुठं आवरायचा, हे ठरवणारी चिपही तिच्यातच. बाहेर रॅक नको, वायरींचं जंजाळ नको. गिऱ्हाइकं तेच मागायला लागली. गनीनं पहिली प्लेट आणली आणि तीन दिवस ती टेबलावर नुसती बघत बसला. जन्मभर त्यानं तांब्याच्या तारेची वेटोळी हातानं गुंडाळून आवाजाची वाटणी केली होती. मला म्हणाला, “हिच्यात कॉइल कुठं हाय?” मी म्हटलं, कॉइल नाही, सगळं आकड्यांत आहे, लॅपटॉप जोडून भरायचं. “म्हंजी मी गुंडाळत बसलो ते ह्यात नुसतं लिवून ठिवत्यात व्हय…” त्याला इंग्रजी येत नव्हतं, मी नुकताच निवृत्त झालो होतो. तेव्हा असं ठरलं की आठवड्यातून दोनदा मी यायचं, लॅपटॉपवर बोटं माझी आणि कान त्याचा. पडद्यावर आवाजाची एक रेघ दिसते, बटण दाबलं की ती कुठं वर चढते, कुठं खाली येते. गनी माझ्या शेजारी खुर्चीत बसून डोळे मिटायचा, मी एकच ठरलेलं गाणं लावायचो, आणि तो सांगेल तसं रेघ हलवायचो. पहिली काही वर्षं आम्ही जे बॉक्स दिले तसे मी पुन्हा कुठं ऐकले नाहीत. हे मित्र म्हणून सांगत नाही, सुराचा मास्तर म्हणून सांगतो.

पुढं तो सारखा म्हणायला लागला, “वरचं जरा वाढवा, मास्तर.” वरचं म्हणजे बारीक, टोकदार आवाज, टाळांचा, बांगड्यांचा. मी वाढवायचो. पुन्हा म्हणायचा, अजून जरा. वडगाव निंबाळकरच्या एका देवळात आम्ही बॉक्सची जोडी बसवली, तिथल्या एका म्हाताऱ्या आबांनी मला बाजूला घेतलं. “मास्तर, तुमचं सगळं बराबर हाय, पर टाळ वाजला की कानात सुया टोचल्यागत व्हतंय.” मी गनी नसताना जाऊन ते कमी करून आलो. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तो एका दुपारी दुकानात. पंख्याच्या वाटीत दोन चिमण्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, आणि त्यांच्या बरोबर खाली बसून गनी म्हणाला, “हल्ली चिमण्या येईनात झाल्या, न्हाय?”

मी म्हटलं, हो रे, कमी झाल्यात.

हे माझं पहिलं खोटं. त्या दिवसापासून तो “वाढवा” म्हणाला की मी बटण दाबल्याचा टक् असा आवाज करायचो, रेघ आहे तिथंच ठेवायचो आणि म्हणायचो, वाढवलं. तो क्षणभर ऐकायचा आणि मान हलवायचा. “हां, आता आलं.” बॉक्स माझ्या कानानं जायचा आणि नाव त्याचं व्हायचं. मला वाटायचं, मी त्याची अब्रू राखतोय. गनीभाईचा कान गेला असं एकदा बाजारात झालं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. पण खरं सांगायचं तर माझ्यात बोलायची हिंमतच नव्हती. चाळीस वर्षांच्या मित्राला, तुला ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि त्याची किंमत तो मोजत होता. लग्नकार्यात बायकापोरांचं बोलणं त्याला उमगत नसे, तो नुसता हसायचा, मग हसणंही सोडून कोपऱ्यात बसायला लागला. लोक म्हणायचे, गनीभाईंना आता गर्व झालाय. मी सांगितलं असतं तर डॉक्टरकडं गेला असता, कानाला मशीन लावलं असतं, शेवटची वर्षं माणसांत तरी काढली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी मात्र मूठ झाकता झाकता माणूसच झाकून टाकला. चाळीस दिवस हेच डोक्यात फिरत होतं.

परवा चाळिसाव्याचं जेवण झाल्यावर मी दुकानात जाऊन बसलो. दुकान आणि घर एकच, मध्ये एक पडदा. गनीच्या बायकोची, शमीमवहिनींची इद्दत चालू आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, तेव्हा त्या पडद्याआडूनच बोलल्या. मंगल कार्यालयवाल्यांची शेवटची जोडी टेबलावर अर्धवट पडली होती. त्या म्हणाल्या, “मास्तर, तेवढी लावून द्या. लोकं फोन करत्यात.” मी लॅपटॉप उघडला, आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. मधल्या पडद्याकडं बघून मी म्हटलं, वहिनी, मी त्याला फसवत होतो. तो वाढवा म्हणायचा आणि मी वाढवत नव्हतो.

आतून त्या म्हणाल्या, “त्यास्नी ठावं हुतं.”

मी म्हटलं, कसं शक्य आहे?

“कान गेला हुता, मास्तर. डोळं न्हवतं गेलं. तुमी म्हनायचा वाढवलं, आन् रेघ तितंच. घरात येऊन हसायचं. म्हनायचं, मास्तर खोटं बोलत्यात, पर आवाज खरा लावत्यात, मग बोलू दे की.”

तो डोळे मिटून बसतो असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मला लाज वाटली, मग राग आला, त्याच्यावर आणि स्वतःवरही. एवढं कळत होतं तर बोलायला काय झालं होतं याला? दोन दोन एसट्या बदलून मी येत होतो आणि हा माझं नाटक बघत बसला होता! मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “मग मला एका शब्दानं बोलला का नाही?”

“तुमी तरी कुठं बोललात?” वहिनी म्हणाल्या.

मी लॅपटॉप मिटला आणि गाडी गाठली.

ती जोडी अजून तिथंच टेबलावर आहे. कार्यालयवाले मलाही फोन करतात, मी उद्या लावतो म्हणून सांगतो. काल जाऊन बसलोही होतो. वूफर, ट्विटर, सगळं अर्ध्या तासात जागेवर आलं. वरच्या आवाजाशी आलो आणि बोट थांबलं. आवाज मला कळतो, हातही बसलेला आहे. पण शेजारच्या खुर्चीत ‘वाढवा’ म्हणणारं कुणी नसलं की नेमकं कुणाचं ऐकायचं नाही, तेच मला समजत नाही.