घोड्यांच्या फार्मवर हवापालट

आईला दमा होता. लालबागच्या चाळीत असताना तो अधूनमधून यायचा आणि जायचा. मग बाबांनी गिरणी सोडली, भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली आणि आम्ही मुलुंडला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. तेव्हापासून तो जाईनासाच झाला. बिल्डिंगच्या मागे आग्रा रोड होता आणि रस्त्यापलीकडे कारखान्यांची रांग. थंडीत तिथला धूर वर जायचाच नाही. सकाळी खिडकी उघडली की घशात काहीतरी आंबूस उतरायचं.

अशा सकाळी आई दोन्ही हात ओट्यावर टेकून उभी असायची. खांदे कानांपर्यंत वर ओढलेले आणि छातीतून बारीक शिट्टी. बाबा कामावर जायचे कपडे घालून तिच्या मागे येऊन थांबायचे.

"पाणी गरम करून देऊ?"

ती मान हलवून नको म्हणायची. बाबा तरी तिथेच उभे. मग घड्याळाकडे बघायचे आणि डबा उचलून निघायचे. जिना उतरताना त्यांची पावलं मध्येच थबकलेली मला ऐकू यायची.

मला नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. घाटकोपरच्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होते. घरात मी एकुलती एक, त्यामुळे आईला डॉक्टरकडे नेणं माझ्याकडेच असायचं. त्या डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतोच आहे. पण एकदा हवापालट करून बघा. कोरडी हवा पाहिजे. कोकणात नका नेऊ, तिथे दमट."

म्हणजे आमचं गाव बाद झालं. आणि आम्हाला गावाशिवाय दुसरीकडे जायची सवयच नव्हती. बाहेर जाणं म्हणजे मे महिन्यात देवगडची एसटी पकडणं. महाबळेश्वर, माथेरान ही सिनेमातली ठिकाणं. तिथे जाऊन माणसं हॉटेलात राहतात, हे बाबांना माहीत होतं, पण आपण राहू शकतो असं त्यांच्या मनाला शिवलं नसतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयाने मोठ्या बाई होत्या. त्यांना सहज सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, मग आमच्या वडिलांच्या दोस्ताकडे जा ना! मेजर होते ते. आता मुरबाडच्या पुढे घोड्यांचं फार्म काढलंय. डोंगराच्या अगदी पायथ्याशी, आजूबाजूला काही म्हणजे काही नाही. पाहुण्यांसाठी खोली बांधलीय, पण एवढ्या लांब जातंय कोण? बिचारे माणसाला आसुसलेले असतात."

"ओळख ना पाळख, असं कसं जायचं?"

"ओळख मी आहे ना! तू ट्रंक कॉल लाव."

फार्मवर फोन होता, पण तो लागणं नशिबावर होतं. साहेबांची परवानगी काढून मी कॉल बुक केला. लागला तो जेवणाच्या सुट्टीनंतर. तिकडून एक खणखणीत आवाज आला आणि लगेच लांब गेला. मी ओरडून सांगत होते, "आईला दमा आहे, कोरडी हवा हवीय." सगळं ऑफिस काम थांबवून ऐकत होतं.

"हवा ना? एकदम कोरडी!" आवाज पुन्हा जवळ आला. "संक्रांतीनंतर या. मुरबाडच्या स्टँडवर जीप पाठवतो. काही आणू नका!"

ते 'काही आणू नका' मी घरी जसंच्या तसं सांगितलं आणि तिथून खरा घोळ सुरू झाला.

आईने जन्मभर पाहुणे केले होते. लालबागच्या एका खोलीत तिने गावाहून आलेली माणसं महिना महिना ठेवून घेतली होती. पण स्वतः पाहुणी म्हणून ती कुठेच गेली नव्हती. "लोकांकडे जाऊन आयतं खायचं?" एवढाच प्रश्न ती वेगवेगळ्या प्रकारे विचारत राहिली. तिथे स्वयंपाकाला माणूस आहे, असं सांगितलं तर म्हणाली, "बाप्या माणूस? मग त्याला मी मदत करेन." मग तिने नारळाच्या वड्या केल्या. मग कोकमं बांधून घेतली. सुके बोंबील घ्यावेत की नाही यावर दोन दिवस गेले, कारण मेजर खातात की नाही, आणि खात असले तरी त्यांच्या घरात तो वास चालेल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. फोन करून विचारायला सांगत होती मला!

बाबांची तयारी वेगळी. त्यांनी आठवड्याची रजा टाकली. शेजाऱ्यांकडून वळकटी बांधायचा पट्टा आणला. कल्याणहून मुरबाडची एसटी कधी सुटते ते एका रविवारी स्वतः कल्याणला जाऊन बघून आले. आईच्या गोळ्या त्यांनी दोन पुड्यांत बांधल्या, एक पिशवीत आणि एक आपल्या खिशात. पिशवी हरवली तर दुसरी असावी म्हणून. स्टोअरमध्ये काम करणाऱ्या माणसाची सवय होती ती. आई कुठल्या बाजूला बसेल, उन्हाची बाजू कुठली, ते सगळं त्यांनी ठरवून टाकलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "बघ, तिथे गेल्यावर तिला फरक पडणार." एवढं खात्रीने बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

मुरबाडच्या स्टँडवर जीप खरंच उभी होती. पुढचा रस्ता कच्चा. आईने पदर नाकाला लावला होता. तासाभराने झाडी संपली आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली. तिच्या पायाशी लाकडी कुंपणं, तबेल्याची लांब कौलारू रांग आणि तबेल्याच्या बरोबर समोर पाहुण्यांची खोली. पाहुण्यांना दारातून घोडे दिसावेत म्हणून मेजरांनी ती मुद्दाम तिथे बांधली होती. ते स्वतः आमची वळकटी उचलायला पुढे आले. उंच, म्हातारे, कानाने जरा कमी.

आई व्हरांड्यात उभी राहिली आणि आम्हाला दिसेल असा लांब श्वास घेतला. शिट्टी नव्हती. "बघ," ती म्हणाली. बाबा असे हसले, जणू ती हवा त्यांनीच आणून ठेवली होती.

संध्याकाळी मेजर आम्हाला तबेल्यात घेऊन गेले. एका घोडीला नुकतंच शिंगरू झालं होतं. काळपट तपकिरी, पाय अंगापेक्षा लांब. आई आधी दारातच थांबली. मग ते शिंगरू आपणहून तिच्याकडे आलं आणि तिच्या हाताला नाक लावलं. आईने त्याच्या मानेवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग खाली बसून त्याची मान कुशीत घेतली आणि त्याच्या अंगावर गाल टेकवला.

"किती मऊ आहे गं! आमच्या गोठ्यातल्या वासरासारखं."

ती शिंकली, हसली आणि पुन्हा शिंकली.

"शिंकतेस कशाला?" बाबांनी विचारलं.

"धूळ असेल. तुम्ही पण हात लावा ना, अहो!"

माझ्या आठवणीत आईने स्वतःहून एवढा वेळ फक्त स्वतःला आवडतं म्हणून काही केलेलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती तिथेच होती. जेवायला बोलवायला मला दोनदा जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळल्या गवताच्या बैलगाड्या आल्या. वर्षभराचं गवत तबेल्याच्या माळ्यावर भरायचं होतं. गडी पेंढ्या वर फेकत होते आणि कोवळ्या उन्हात सोनेरी धूळ तरंगत होती. आम्ही व्हरांड्यात चहा घेत ते बघत होतो. मेजर म्हणाले, "या वासाने माणसाचं आयुष्य वाढतं." आम्हालाही तो वास आवडला.

आई गप्प झाली तेव्हा मला वाटलं, दमली असेल. मग शिट्टी सुरू झाली. बाबांनी खिशातली पुडी काढली. गोळी दिली, थोड्या वेळाने आणखी एक दिली. आई खाटेवर बसून दोन्ही हातांनी खाटेची कड धरून होती. ओठांचा रंग बदलला. आणि मग शिट्टीही ऐकू येईना. ते जास्त वाईट होतं.

"जीप काढा," बाबा म्हणाले.

जीप नव्हती. एका घोड्याचा पाय सुजला होता म्हणून ती पहाटेच जनावरांच्या डॉक्टरांना आणायला गेली होती. मेजरांनी फोन उचलला, आपटला, पुन्हा उचलला. त्यात आवाजच नव्हता. बैलगाडीने न्यावं तर त्या रस्त्याचे हादरे तिने कसे सोसावेत? शेवटी त्यांनी एका माणसाला घोड्यावर बसवून मोठ्या रस्त्याकडे पिटाळलं. "दिसेल ती गाडी अडव!" तो गेला आणि आम्ही खोलीत राहिलो.

बाबा म्हणाले, हवा येऊ द्या, खिडकी उघडा. मी उघडली. गवताची धूळ आत आली. मेजर म्हणाले, धूळ नको, बंद करा. मी बंद केली. आईने हाताने खूण केली, पुन्हा उघडली. किती वेळा उघडली आणि लावली, मला सांगता येणार नाही. काहीतरी करायला तेवढंच होतं.

बाबा तिच्या मागे खाटेवर चढून बसले आणि तिची पाठ आपल्या छातीवर टेकवून घेतली. मग ते मोठ्याने श्वास घ्यायला लागले, तिला शिकवावं तसे. "हां, घे. आता सोड. घे." तिचा श्वास त्यांच्या तालावर येत नव्हता. ते तरी थांबले नाहीत. थोड्या वेळाने तेच धापा टाकत होते.

मध्येच आईने तोंड हलवलं. बाबांनी कान जवळ नेला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"डाळ खाली लागतेय म्हणते. त्यांच्या स्वयंपाकघरात."

मला रडू फुटलं. मेजर दारात उभे होते. त्यांना ऐकू आलं नसावं. ते टोपी काढून नुसते हातात फिरवत होते.

दुपारी जीप आली. मोठ्या रस्त्यावर घोड्यावरच्या माणसाला कुठलीच दुसरी गाडी मिळाली नव्हती. जीपमधून एक तरुण डॉक्टर बॅग घेऊन उतरला. बाबा अक्षरशः त्याच्या अंगावर धावले. "डॉक्टर, हिला बघा!"

तो दोन पावलं आत आला, आईकडे बघितलं आणि तिथेच थांबला. "मी जनावरांचा आहे हो," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "माझ्याकडे यांच्यासाठी काहीच नाही. जीप वळवा, आत्ताच निघा."

मुरबाडला पोचेपर्यंत मी आईच्या पायाशी बसून होते आणि तिच्या पदराची हालचाल बघत होते. दवाखाना लहानसा, एका खाटेचा. तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून सावकाश इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळाने शिट्टी परत आली. ती ऐकून बाबा भिंतीला टेकून खाली बसले.

"कुठे होतात?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. घोडे, तबेला, शिंगरू, गवत. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "घोड्याची लव, त्यात वाळल्या गवताची धूळ. काहींना हे अजिबात चालत नाही."

"हवा चांगली म्हणून आणलं होतं," बाबा म्हणाले.

"हवा चांगलीच आहे हो," डॉक्टर म्हणाले. ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मेजरांनी मागून सामान पाठवलं. वळकटी आम्ही बांधली होती त्याहून नीट बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. कल्याणपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले, तेही खिडकीबाहेर बघत. "आता हिला कुठे न्यायचं?"

मुलुंडला आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याच गोळ्या लिहून दिल्या. आई मात्र शिंगरामुळे असं झालं हे कधीच मान्य करायला तयार नव्हती. "एवढासा जीव, तो काय करणार मला?" ती म्हणायची.

पुढे काही वर्षांनी तोंडात फवारा मारायचा पंप मिळायला लागला आणि तिचे दिवस जरा सोपे झाले. पण ते नंतर. त्या हिवाळ्यात बाबांनी एक नवीन पद्धत सुरू केली. कामावरून आले की ते तिला हळूहळू गच्चीवर घेऊन जायचे. प्रत्येक मजल्यावर थांबत. धूर तिथेही होताच, पण वारा थोडा जास्त होता. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ती बसायची, बाबा कठड्याला टेकून उभे राहायचे.

"बरं वाटतंय?" ते विचारायचे.

"वाटतंय," ती म्हणायची.

खरंच वाटत होतं की त्यांच्यासाठी म्हणत होती, ते आम्हाला कळायचं नाही. बाबा दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. दिवे लागले की आम्ही तिला धरून खाली आणायचो.