बेरिलच्या घरात नसलेलं भुयार

बेरिल टगवेलच्या घरात भुयार नव्हतं. जिन्याखाली पूर्वी कोळसा ठेवायची एक कोठडी होती. चार पावलं आत गेलं की भिंत. तिथे ती बटाटे आणि मेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट ठेवायची. पण इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या हेस्टिंग्ज गावाचा जुना भाग बघायला येणाऱ्यांच्या हातातल्या पत्रकात छापलं होतं, 'याच घरातल्या भुयारातून चोरटी दारू टेकडीत नेत.'

मी तिच्या समोरच राहते. गल्ली इतकी अरुंद की खिडकीतून खिडकीत साखरेची वाटी देता येते. ईस्टर आला की लोक यायचे. किल्ला चढून-उतरून, कोळ्यांची जाळी ठेवायच्या किनाऱ्यावरच्या उंच काळ्या लाकडी खोल्यांचे फोटो काढून, चिप्स खात खात थेट तिच्या काचेला नाक लावायचे.

"बघ, आत एक म्हातारी बसवलीये. अगदी खरी वाटते," एकदा एक माणूस बायकोला म्हणाला.

"पुतळा नाही मी. जेवतेय," बेरिल आतून म्हणाली.

तिने दारावर पाटी लावली, 'हे राहतं घर आहे. भुयार नाही.' लोक पाटीचे फोटो काढायला लागले.

जूनमध्ये मात्र हद्द झाली. उंबरा धुऊन, दार उघडं टाकून ती मागे कपडे वाळत घालायला गेली. परत येते तर एक जोडपं तिच्या टेबलाशी बसलेलं. "बाई, दोन चहा. स्कोन ताजे आहेत ना?"

"मग हाकललंस की नाही?" मी नंतर विचारलं.

"किटली उकळलेलीच होती गं. दिला चहा. पातळ आहे म्हणाले."

त्याच दुपारी ती लायनेल क्रटेंडनकडे गेली. पत्रक त्याचं, आणि शनिवारी लोकांना गावातून फिरवायचाही तोच. दोघं एका शाळेत शिकलेले.

"लायनेल, भुयार तुला कुठे दिसलं?"

"दिसलं नाही, पण असू शकतं. लोकांना आवडतं, बेरिल."

"लोकांना माझे बटाटेही आवडतील. तेही छाप."

"मग खरं काय ते तूच सांग. शनिवारी अकराला दारात उभी राहा."

शनिवारी ती निळा कोट इस्त्री करून उभी राहिली. वीसेक माणसं होती. तिने सांगितलं, की तिची सासू या पुढच्या खोलीत तीस वर्षं जाळी दुरुस्त करायची. एका नोव्हेंबरात सासऱ्याची नाव किनाऱ्याला लागता लागता उलटली, इतकी जवळ, की बायकांना हाका ऐकू येत होत्या. सासऱ्याला आणून याच घरातल्या टेबलावर ठेवलं. पुढच्या सोमवारी सासूने त्याच नावेचं जाळं पुरं केलं, कारण वाचलेल्या दोघांना पुन्हा समुद्रावर जायचं होतं.

चाळीस वर्षांच्या शेजारात मी हे ऐकलं नव्हतं. मग टोपीवाल्या एकाने विचारलं, "आणि भुयार इथून किती लांब जातं?"

बेरिलने लायनेलकडे पाहिलं. लायनेलने घड्याळाकडे पाहिलं. "चला, पुढे चर्च आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि कोटही न काढता बसून राहिली. "पोटच्या मुलीला कधी धड सांगितलं नाही मी हे," ती म्हणाली. "आणि त्या टोपीवाल्याला सांगून बसले."

पुढच्या वसंतात नवीन पत्रक निघालं. भुयार गेलं होतं. त्याच्या जागी होतं, 'घरमालकीण स्वतः दारात उभी राहून बुडालेल्या सासऱ्याची करुण कथा सांगते. शनिवारी, अकरा वाजता.'

"मी तुला मान दिला," लायनेल म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हेच तिला सहन होईना. तिने त्याला त्याच्याच जेवणाच्या टेबलाशी बसवलं. दोन दिवस दोघांनी काळ्या पेनने ती ओळ एकेका पत्रकावर खोडली. पण शे-दोनशे पत्रकं आधीच वाटून झाली होती.

आता शनिवारी अकराला बेरिल माझ्या स्वयंपाकघरात असते. तिच्या दारात लोक ताटकळतात, आम्ही बघतो. गेल्या आठवड्यात एका बाईने तिचं दार ठोठावून पाहिलं आणि आमच्या खिडकीशी आली.

"त्या गोष्ट सांगणाऱ्या बाई कुठे आहेत हो?"

"त्यांनी बंद केलं ते," बेरिल म्हणाली, आणि माझी खिडकी तिनेच लावून घेतली.